कोळशाची थाळी

सोहारच्या इस्पितळात, तळमजल्यावर, रात्रपाळीत
एक डबी आली. झाकणावर अरबीत:
बरशराम फाझे, एक्केचाळीस, हिंदी, मजूर.
अरबीत 'प' नाही. 'व' असा, आपल्यासारखा, नाही.
मी ओठांतल्या ओठांत दोन्ही परत बसवले.
परशराम वाझे.

न्यूमोनियाची नेहमीची मंडळी मी चेहऱ्यानं ओळखते.
न्यूमोकोकस जोडीनं हिंडतो,
मेंढीच्या रक्ताच्या थाळीत हिरवट डाग पाडतो
आणि रोग्याच्या रुमालात गंजाचा.
क्लेबसिएला सुईनं उचलावी तर तार सुटते,
पाकासारखी. एकतारी झाला की उतरव, आई म्हणायची.
हिमोफिलस नाजूक, त्याला रक्त गरम करून वाढावं लागतं.

ह्या डबीत कुणीच नव्हतं.
काचपट्टी जांभळी केली, धुतली, लाल केली.
भिंगाखाली नुसत्या पू-पेशी,
आरडाओरडा ऐकून वाडीभरची माणसं धावत यावीत
आणि चोर कुठला ते कुणालाच ठाऊक नसावं, तशा.

चौथ्या मजल्यावरून सिस्टर अन्नम्माचा फोन:
ताप एकशेचार, नाडी मात्र संथ, जुलाब,
तीन दिवस इंजेक्शनं, पालथ्या घड्यावर पाणी
(तिनं हे मल्याळीत म्हटलं, मी असं ऐकलं)
आणि तुमच्या भाषेत काहीतरी मोजतोय.
काय?
तिनं फोन त्याच्या तोंडाशी धरला.
"सतरा... अठरा... वाल उघड रे, वाल... एकोणीस..."

कसला वाल?
फॉर्मवर 'मजूर' एवढंच.
कॅम्पमधला त्याचा सोबती बाहेर बाकावर झोपला होता, त्याला उठवलं.
म्हणाला, मॉलच्या गच्चीवर, कूलिंग टॉवरवर.
आतला गाळ काढतो.

साध्या थाळीत उगवत नाही असा एक आहे.
लिजिओनेला. कोमट पाण्यात राहतो,
पाइपाच्या आतल्या बुळबुळीत, तुषारावर बसून येतो.
माणसाचं माणसाला देत नाही, तेवढं त्याचं बरं.
त्याला कोळसा लागतो, यीस्ट लागतं, लोह लागतं,
आणि चार दिवस वाट बघणारं कुणीतरी.

डॉक्टर बद्रिया अल मकबालींना उठवलं.
लघवीची पट्टी पंधरा मिनिटांत बोलली: दोन रेघा.
औषध अडीच वाजता बदललं.
थाळीची खरं तर आता घाई नव्हती,
तरी फ्रीजच्या मागून काळी थाळी काढली,
मुदत संपायला सहा दिवस होते,
आणि कफ पसरला.

चौथ्या दिवशी काळ्यावर राखाडी ठिपके.
भिंगातून पाहिले तर फुटक्या काचेची नक्षी,
कडेला किंचित गुलाबी.
सुंदर होतं. रिपोर्टात ह्याला रकाना नाही.

मॉल दोन दिवस बंद ठेवला.
लोकांनी उकाड्याबद्दल तक्रार केली.

तो तीन आठवड्यांनी खिडकीशी आला, पायजमा नाडीनं आवळलेला.
मी 'वाझे' म्हटलं तर त्यानं मागे वळून पाहिलं,
दुसरा कुणी वाझे आलाय का.
तुम्ही कुठल्या?
हर्णैची. मुकादम.
मी आंजर्ल्याचा, बाय. म्हणजे खाडीपलीकडचाच.
मग थोडा वेळ आम्ही दोघं नुसते हसलो.

विचारलं, मास्क देत नव्हते?
देत होते.
मग?
तो काउंटरवरचं पेन सरळ करत राहिला.
जुलै महिना. गच्चीवर शेहेचाळीस.
पत्र्याला हात लागला की कातडी सोलायची.
जेवणाच्या सुट्टीत टॉवरच्या बाजूला उभं राहिलं
की तोंडावर बारीक फवारा यायचा.
मी मास्क काढून उभा राहायचो.
वीसपर्यंत मोजायचो, मग पुढच्याची पाळी.

थाळी मी आदल्याच दिवशी वाफेच्या भांड्यात टाकली होती,
एकशे एकवीस अंश, नियमाप्रमाणे.

पुढच्याची पाळी म्हणजे कुणाची, मी विचारलं.
नावं सांगा.
त्यानं अकरा नावं सांगितली.
मी ती आपल्या लिपीत लिहून घेतली, 'प' आणि 'व' सकट.
जाता जाता दाराशी थांबून म्हणाला,
पण गार होतं हो.